प्रश्न तुमचे : व्हिडिओ गेमवर पीएच.डी. करता येते का?

प्रश्न : मी मराठी विषयात एम.ए. केले असून पीएच.डी.साठी नोंदणी करण्याच्या विचारात आहे. डिजिटल खेळांमधील कथनावर काम करण्याची इच्छा आहे. मराठी विभागात विचारले तेव्हा ‘हा वाङ्मयाचा विषय नव्हे’ असे उत्तर मिळाले, तर संगणकशास्त्र विभागाने ‘तुम्हाला प्रोग्रॅमिंग येते का?’ असा उलट प्रश्न केला. हा विषय नेमका कोणाचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन विभागांनी तुम्हाला एकमेकांच्या दाराशी पाठवले याचे मला नवल वाटत नाही, कारण व्हिडिओ गेमच्या अभ्यासाची ही विद्याशाखा वाढली तीच अशा भांडणातून. अमेरिकी अभ्यासक जॅनेट मरे यांनी १९९७ मध्ये ‘टेट्रिस’ या व्हिडिओ गेमचा अर्थ लावताना असे म्हटले, की वरून अखंड कोसळणारे आणि घाईघाईने जागी बसवावे लागणारे ते ठोकळे म्हणजे कामाच्या रेट्याखाली दबलेल्या १९९०च्या दशकातील अमेरिकी माणसाचे जगणेच होय. फिनलंडच्या मार्क्कू एस्केलिनेन यांनी २००१ मध्ये यावर कडक टीका केली. असा अर्थ खेळावर लादल्याने टेट्रिस हा मुळात खेळ कशामुळे ठरतो, हे काहीच कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो लेख ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात आला होता आणि २००१ हे या अभ्यासाचे पहिले वर्ष मानावे, असे संपादक एस्पेन आर्सेथ यांनी त्याच अंकात लिहिले. गंमत अशी, की खेळाला साहित्याच्या दावणीला बांधू नका असे बजावणारे आर्सेथ स्वतः साहित्याच्या अभ्यासातूनच आले होते. पुढे २००३ मध्ये नेदरलंड्समधील उत्रेख्त येथे ‘डिग्रा’ या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पहिली परिषद भरली.

म्हणजे विषय तुमचा आहेच. मात्र एस्केलिनेन यांचा आक्षेप साहित्याच्या विद्यार्थ्याने सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. कादंबरीतला नायक एकदाच मरतो, खेळातला नायक एका संध्याकाळीत दहा वेळा मरतो आणि पुन्हा उभा राहतो. ते दहा मृत्यू कथेत धरायचे की नाहीत, हे ठरवल्याशिवाय तुम्हाला ‘कथन’ हा शब्द वापरताच येणार नाही. पुण्यात तयार झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘राजी’ या खेळाचे उदाहरण घ्या. त्यातील निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते आणि कथेचे काही प्रवेश छायाबाहुल्यांच्या शैलीत दाखवले आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या पारंपरिक छायाबाहुल्यांशी त्यांची तुलना करण्याचा मोह तुम्हाला होईल, आणि तो वाईटही नाही. परंतु प्रबंधाचा खरा प्रश्न असा, की तो प्रवेश चालू असताना खेळाडूच्या हातातून सूत्रे काढून घेतली जातात आणि नंतर परत दिली जातात, तेव्हा कथा आणि कृती यांचे नाते कसे बदलते?

पद्धतीविषयी आर्सेथ यांनी २००३ मध्ये तीन वाटा सांगितल्या : खेळाची रचना आणि नियम अभ्यासणे, इतरांचे खेळणे पाहणे किंवा त्यांनी लिहिलेले वाचणे, आणि स्वतः खेळणे. तिसरीला पर्याय नाही. तिच्या जोडीला आपल्याकडची पाठचिकित्सा, म्हणजे एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रतींतील फरक तपासण्याची पद्धत, वापरावी, असे मी सुचवेन. ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहणाऱ्यांनी जी शिस्त पाळली तीच इथे लागते, कारण अपडेट आले की खेळाचा पाठ बदलतो आणि जुना पाठ बहुधा हाती राहत नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात विकत मिळत नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत आढळले. म्हणून आवृत्तीचा क्रमांक, यंत्र, तारीख आणि खेळलेले तास यांची रोजच्या रोज नोंद ठेवा.

विभागाशी बोलताना कोलकात्याचे सौविक मुखर्जी यांचा दाखला द्या. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासातून आलेल्या या संशोधकाची खेळ आणि कथाकथन यावरील तसेच खेळ आणि वसाहतोत्तर विचार यावरील पुस्तके अनुक्रमे २०१५ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. मार्गदर्शक मराठीचेच ठेवून डिझाइन किंवा माध्यम विभागातील सहमार्गदर्शक मिळतात का, हे पाहा. प्रोग्रॅमिंग थोडे शिकलात तर चांगलेच, पण ती अट नव्हे.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. ‘गेम डिझाइन’ शिकायचे म्हणतो. दिवसभर मोबाइलवर खेळणे यालाच तो आवड समजतो की काय, अशी शंका येते. काय करावे?
— एक पालक, सांगली

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, तरी खेळण्याच्या तासांवरून निकाल देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ रोगवर्गीकरणात घेतला असला, तरी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे ही त्याची लक्षणे आहेत, नुसते खेळण्याचे तास नव्हेत. पैसे लावून खेळण्याचे ॲप ही तर सर्वस्वी वेगळी गोष्ट असून तिच्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

अभ्यासक्रमांची कमतरता नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथील ॲबर्टे विद्यापीठाने संगणकीय खेळांची पदवी १९९७ मध्येच सुरू केली. आपल्याकडे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. खासगी संस्थेची भरमसाट फी भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारा : शिकवणाऱ्यांनी स्वतः एखादा खेळ पूर्ण करून प्रसिद्ध केला आहे का, आणि विद्यार्थ्यांनी केलेले खेळ आम्हाला खेळून पाहता येतील का? माहितीपत्रकातील रंगीत चित्रांना भुलू नका.

त्याआधी घरीच परीक्षा घ्या. पुठ्ठा, सोंगट्या आणि फासा एवढ्याच साहित्यात त्याला पंधरा दिवसांत एक नवा खेळ रचायला सांगा आणि नियम एका पानावर लिहून घ्या. मग ते पान शेजारच्या तिघांच्या हाती देऊन त्यांना खेळू द्या. मुलाने बाजूला बसून ते कुठे अडतात, कुठे कंटाळतात, एवढेच वहीत टिपायचे. मध्ये बोलून नियम समजावायला जायचे नाही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन तो आपण होऊन नियम बदलायला बसला, तर संस्थांचे प्रवेशअर्ज मागवायला हरकत नाही.