दुपारची रेसर, संध्याकाळची एन लाइन

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : दोन सेकंडहँड हॅचबॅक डोक्यात आहेत. ह्युंदाई आय-२० एन लाइन, ६ गिअरची मॅन्युअल, आणि टाटा अल्ट्रोझ रेसर. दोन्ही २०२४ च्या, किंमतही जवळपास सारखी. एन लाइन शनिवारी संध्याकाळी सातला फुटाळ्याकडे चालवली, सोबत फक्त विक्रेत्याचा माणूस होता. रेसर रविवारी दुपारी दोनला वर्धा रोडवर चालवली, एसी फुल, मागे दोन मित्र. एन लाइन चपळ वाटली, रेसर जड. कागदावर तर ताकद सारखीच दिसते. मित्र म्हणतात, "काहून एवढा विचार करून राह्यला, एन लाइन घे ना!" घेऊ का? (प्रतापनगर)

उत्तर : घाई नको. या दोन गाड्यांत जेवढा फरक आहे, त्याहून जास्त फरक नागपुरातल्या शनिवारच्या संध्याकाळी आणि रविवारच्या दुपारी आहे.

दुपारी ४५ अंश आणि संध्याकाळी ३२ अंश धरा. तापलेली हवा विरळ असते. तेवढ्याच जागेत सुमारे ४ टक्के हवा कमी मावते. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला हवा जास्त दाबावी लागते. दाबलेली हवा आणखी तापते आणि तिला गार करणाऱ्या इंटरकूलरवर तर आधीच रस्त्याची धग येत असते. गरम हवेमुळे इंजिनात ठोका बसण्याचा धोका दिसला की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ठिणगी उशिरा टाकतो, म्हणजे ताकद स्वतःहून कमी करतो. त्यात एसीचा कंप्रेसर पूर्ण जोरात चालू. दोन मित्रांचे १४० किलो धरले, तर टनाच्या आसपासच्या गाडीवर सातव्या हिश्श्याइतकं वजन वाढलं. शनिवार-रविवार उलट केले असते, तर कदाचित एन लाइन जड वाटली असती.

आता कागदाचं बघू. एन लाइनचं ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन १२० पीएस ताकद आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) देतं. रेसरचं ११९९ सीसी इंजिनही तीन सिलिंडरचंच, १२० पीएस आणि १७० न्यूटन-मीटर. दोन न्यूटन-मीटरचा फरक पायाला कळत नाही. पण तो टॉर्क कुठे सुरू होतो, ते कळतं. एन लाइनमध्ये १५०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), रेसरमध्ये १७५० ला. गतिरोधक ओलांडून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलताना हे २५० आरपीएम जाणवतात. एन लाइन लगेच खेचते. रेसर क्षणभर श्वास घेते आणि मग जोरात निघते. गिअर थोडा आधी खाली आणायची सवय लागली की हा फरक बराचसा मिटतो. गिअरची दांडी मात्र एन लाइनची सरस आहे. टप्पे आखूड, क्लच हलका. रेसरचा क्लच लांबवर दाबावा लागतो, आणि सीताबर्डीच्या गर्दीत अर्ध्या तासात पाय तक्रार करायला लागतो.

खरा फरक चाकांखाली आहे. एन लाइनचं सस्पेन्शन साध्या आय-२० पेक्षा कडक केलेलं आहे आणि स्टिअरिंग मुद्दाम जड ठेवलं आहे. वळणात मजा येते, पण शहरातल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे एकेक करून मोजता येतात. अल्ट्रोझची बैठक मुळातच खंबीर आहे, खड्डा ती एका दणक्यात पचवते आणि पुन्हा उसळत नाही. टायरही बघा : एन लाइनला १९५/५५ आर १६, रेसरला १८५/६० आर १६. हिशोब केला तर रबराची उंची एकीकडे १०७ मिलिमीटर, दुसरीकडे १११. चारच मिलिमीटर, पण उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर धारदार सांधा आला की ते कामाला येतात.

ब्रेकवरून लोक फार वाद घालतात. एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, रेसरला मागे ड्रम. जोरात ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे येतो आणि बहुतेक काम पुढचे डिस्कच करतात, म्हणून शहरात हा फरक शून्याच्या जवळ आहे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, भरल्या गाडीत, सतत ब्रेकवर पाय असेल तर ड्रम तापतात आणि उशिरा गार होतात. तिथेही उपाय दुसऱ्या गिअरवर उतरण्याचाच आहे, डिस्क असले तरी.

आता दोन्ही गाड्या पुन्हा चालवा. एकाच दिवशी, सकाळी सातच्या सुमारास, एकामागून एक, तेवढीच माणसं घेऊन. निघण्यापूर्वी टायर गार असताना हवा स्वतःच्या गेजने तपासा आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरइतकी करा. विक्रेते बहुधा जास्त भरून ठेवतात, त्याने गाडी हलकी पळते आणि सांध्यांवर आपटते. बाहेर आणि टायरमध्ये ५-६ अंश वाढले की साधारण १ पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी मोजलेला आकडा काहीच सांगत नाही.

मार्ग असा घ्या : अजनीहून वर्धा रोडवर उड्डाणपुलाखालून छत्रपती चौकापर्यंत. इथे सिग्नल, गतिरोधक आणि क्लचची परीक्षा. मग जामठ्याच्या दिशेने मोकळा पट्टा. परतताना सेमिनरी हिल्सचा चढ. पहिली दहा मिनिटं इंजिन तापू द्या, तोवर काहीच ठरवू नका. मोकळ्या पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० पर्यंत किती सेकंद लागतात, ते सहप्रवाशाने जीपीएसवरच्या वेगाचा व्हिडिओ घेऊन नंतर मोजावं. गाडीचं मीटर थोडं जास्तच दाखवतं आणि दोन गाड्यांचं सारखं जास्त दाखवत नाही. मागे-पुढे कोणी नसताना एकदा ६० वरून पूर्ण ब्रेक दाबा : गाडी सरळ थांबते का, स्टिअरिंग हातात थरथरतं का? थरथरलं तर डिस्क वाकलेली असू शकते. चढावर हँडब्रेक सोडून निघून बघा. आणि शेवटी पाच मिनिटं मागच्या सीटवर बसा, कारण घरातलं कोणीतरी रोज तिथेच बसणार आहे. एन लाइनचा व्हीलबेस २५८० मिलिमीटर, रेसरचा २५०१. गुडघ्यांना ते कळतं. डिकी मात्र रेसरची मोठी, ३४५ लिटर, एन लाइनची ३११.

आमचं मत विचाराल तर : बहुतेक वेळा एकटे चालवणार असाल आणि रविवारी रामटेकच्या गडाचा घाट चढण्यात सुख मानत असाल, तर एन लाइन. आई-वडील रोज मागे बसणार असतील, तर रेसर : गुडघ्यांना जागा थोडी कमी, पण खड्डे आणि सांधे ती नीट पचवते. शिवाय तिच्यात पुढच्या सीटना थंड हवेची सोय आहे, आणि ज्याने मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची सीट अंगाला लावली आहे त्याला तिची किंमत सांगावी लागत नाही.

प्रश्न : टर्बोची वापरलेली गाडी घेताना काय काय तपासावं? विक्रेता म्हणतो, "इंजिन एकदम चाबूक." (मानेवाडा)

उत्तर : त्याला सांगा, सकाळी येतो, आधी गाडी सुरू करू नका. बोनेटवर हात ठेवून इंजिन गार असल्याची खात्री करा. मग सुरू करताना एकाने सायलेन्सरकडे बघावं. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगमधून. पांढरी वाफ गार सकाळी क्षणभर दिसली तर ठीक, पण ती थांबतच नसेल आणि कूलंटची पातळीही कमी असेल तर पुढे जाऊ नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनातून, म्हणजे एन लाइनसारख्या गाडीतून, सुरुवातीला टिकटिक ऐकू येते. तो पंपाचा आणि इंजेक्टरचा आवाज असतो, घाबरू नका. गाडी खेचताना शिट्टीसारखा आवाज थोडा असतो, पण आधी नव्हता आणि वेगाबरोबर वाढतो असा किंचाळणारा सूर म्हणजे टर्बोचं बेअरिंग किंवा फाटलेला होज.

सर्व्हिस रेकॉर्ड मालकाच्या तोंडून ऐकू नका, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून छापील घ्या. तेलाच्या दोन बदलांत १०,००० किलोमीटर किंवा वर्षाहून जास्त अंतर दिसलं तर किंमत पाडा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल काळं पडून घट्ट झालं की पहिला बळी त्याचाच जातो.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुठूनतरी मिळवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या पुढे आकडा गेला तर खाली बहुधा पुट्टी आहे. टायरवरचे चार आकडे वाचा : १८२४ म्हणजे २०२४ चा १८ वा आठवडा. चार टायर चार तारखांचे असतील तर कारण विचारा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावला तर पुसलेले एरर कोडही कधीकधी सापडतात. सगळे 'रेडी' मॉनिटर (गाडीने स्वतःच केलेल्या तपासण्यांच्या नोंदी) कोरे दिसले तर बहुधा नुकतेच कोणीतरी ते कोड पुसले आहेत.

कागदांत फॉर्म २९ आणि दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५, आणि गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत पत्र). विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. विक्रेत्याने त्याचे पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

प्रश्न : माझ्या टर्बो हॅचबॅकला रीमॅप करून (ईसीयूचा प्रोग्राम बदलून) १२० चे १४५ पीएस करून देतो असं एक ट्यूनर म्हणतो. करू का? (वाडी)

उत्तर : करू नका. ईसीयू बदलला की वॉरंटी गेली, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळालं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत बदल करायला मनाई करतं. तांत्रिक बाजूनेही बघा. रीमॅपमध्ये बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढतो, म्हणजे नागपूरच्या मेमध्ये आधीच तापलेल्या हवेला आणखी तापवायचं. इंजिनाला वाचवण्यासाठी कंपनीने ठेवलेली जी सवलत होती, तीच हा ट्यूनर तुम्हाला विकतोय. वाढलेला टॉर्क पहिल्यांदा क्लच घसरवतो आणि नंतर पिस्टनपर्यंत पोचतो. ताकद हवीच असेल तर चांगले टायर आणि ताजं तेल घाला, त्याने जास्त मजा येईल.

प्रश्न : टाकीत इंजेक्टर क्लीनर ओतला तर व्हाल्व्हवरचा कार्बन जातो का? (काटोल रोड)

उत्तर : पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारणाऱ्या इंजिनात थोडाफार उपयोग होतो, कारण तिथे पेट्रोल व्हाल्व्हवरून वाहतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हाल्व्हला शिवतच नाही. मग टाकीत काहीही ओता, तिथला कार्बन जागचा हलत नाही. इंजेक्टर तेवढा साफ राहील. खूप साठला तर मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांची भुकटी हवेच्या दाबाने मारून तो खरवडतात. ती वेळ लांबवायची तर आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग पळवा आणि सहाव्या गिअरमध्ये १३०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबायची सवय सोडा. कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकला की टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो. एक गिअर खाली आणा आणि मग दाबा.

प्रश्न : एन लाइनची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) घ्यायची आहे, पण रोज इतवारीतून जावं लागतं. (महाल)

उत्तर : मग मॅन्युअल घ्या. त्या ७ गिअरच्या डीसीटीतले दोन्ही क्लच कोरडे आहेत, तेलात बुडालेले नाहीत, म्हणून उष्णता बाहेर टाकायला त्यांना वेळ लागतो. गर्दीत फूट-फूट सरकताना क्लच सतत अर्धवट घसरत राहतो. आधीच घेतली असेल तर पुढे दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय ब्रेक सोडू नका, आणि चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका. गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन पी मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा आणि सूचना जाईपर्यंत थांबा.

प्रश्न : समृद्धीवरून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. खरं का? (हिंगणा)

उत्तर : १२० ने दोन तास चालवून टोल नाक्याजवळच्या हॉटेलपुढे थेट बंद केलीत तर टर्बोत अडकलेलं तेल तिथेच करपतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू चालवा किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवा. शहरातून घरी आलात तर याची काहीच गरज नाही.

प्रश्न : आपल्याकडच्या 'स्पोर्ट' हॅचबॅकना एवढुसं इंजिन का? (धरमपेठ)

उत्तर : जीएसटीने आखलेली रेषा. ४ मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, एकही अट मोडली तर ४० टक्के. आता आकडे पुन्हा वाचा : एन लाइन ३९९५ मिलिमीटर आणि ९९८ सीसी, रेसर ३९९० आणि ११९९. इंजिनिअरच्या आधी इथे सनदी लेखापालाने पट्टी लावली आहे. ही रेषा ओलांडून आणि आयात होऊन आलेली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय २६५ पीएसची आहे, आणि मे २०२५ मध्ये ती ५३ लाखांना, तीही ऑन-रोडच्या आधीच्या किमतीत, बाजारात आली.