रात्री तीन वाजता तू कुठे असतोस?

"मॅडम, मी सगळं करतो, तरी तिची चिडचिड थांबत नाही."

सातवा महिना संपला की नवऱ्यांचं हे वाक्य माझ्या फोंड्याच्या समुपदेशनाच्या खोलीत हमखास ऐकू येतं. चिडचिडीच्या जागी कधी रडणं असतं, कधी अबोला. 'मी सगळं करतो' हे मात्र ठरलेलं. आणि ते खोटं नसतं, पंचाईत तिथेच आहे.

गेल्या पावसाळ्यातलं एक जोडपं सांगते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. उल्हास कुंडईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा, सिद्धी शाळेत शिकवणारी, घर साखळीजवळ. 32वा आठवडा, पहिलटकरीण. रिवाजाप्रमाणे ती माहेरी जायची, पण माहेर सावंतवाडीकडे आणि बाळंतपण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात ठरलेलं, म्हणून सासरीच राहिलेली.

पहिल्या भेटीत उल्हासने मोबाइल काढून यादीच वाचून दाखवली. रोज एक आडसर, म्हणजे शहाळं. लोहाच्या गोळीचा गजर. दहाच्या पेजेसाठी उकडे तांदूळ रात्रीच मोजून ठेवलेले. फाईल, आधार कार्ड, बाळाची दुपटी भरलेली पिशवी दाराजवळ तयार. बांबोळीचा रस्तासुद्धा दोनदा जाऊन बघितलेला, एकदा रात्री आणि एकदा सकाळी साडेआठला, बाणस्तारीला किती अडकायला होतं ते कळावं म्हणून. मी मनातल्या मनात त्याला शंभरपैकी नव्वद देऊन टाकले.

"मला घरात सुपरवायझर मिळालाय," सिद्धी खिडकीबाहेर बघत म्हणाली. त्या दिवशी ती एवढंच बोलली.

दुसरी भेट सासूबाई आणि तिखट हुमण (माशांची आमटी) यांच्यात गेली, ती सोडून देते.

'तुला काय वाटतं?' हा प्रश्न मी पुरुषांना विचारणं बंद केलंय. उत्तर एकच येतं, 'टेन्शन'. त्यापेक्षा मी वेळ विचारते. मनाचं बोलायला माणूस कचरतो, घड्याळाचं सांगून जातो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, बावीस वर्षं समोर बसून हाती लागलंय. तिसऱ्या भेटीत म्हटलं (माझ्या वयाला मी सगळ्यांनाच अरे-तुरे करते), "उल्हास, रात्री तीन वाजता तू कुठे असतोस?"

"झोपलेला असतो."

"नसतो," सिद्धी म्हणाली. "मी रात्री तीनदा उठते. परत येऊन पडते तेव्हा याचा श्वास बदललेला असतो. झोपलेला माणूस इतका मोजून श्वास घेत नाही."

उल्हास पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता, काढत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "विचारलं आणि ती म्हणाली, भीती वाटते, तर मी काय करू? गोळी आणून देता येते. याला काय आणून देऊ?"

मग निघालं ते असं. त्याच्या जन्माच्या वेळी आईला खूप रक्तस्राव झाला होता. दर वाढदिवसाला काकी ते हसत हसत सांगायच्या, 'तुझ्या पायी आई गेलीच होती बघ.' लहानपणापासून ऐकलेली थट्टा. सिद्धीला सातव्या महिन्यात फुलं माळली त्या दिवशीही काकींनी ती सांगितली. यादी त्याच रात्री सुरू झाली.

"हे तू मला का नाही सांगितलंस?" सिद्धीने विचारलं.

"तू आणखी घाबरली असतीस."

"मी रोज रात्री एकटीच घाबरत होते, उल्हास."

मी काहीच बोलले नाही. आमच्या कामात गप्प बसणं जमायला सर्वांत उशीर लागतो.

माझं मत विचाराल तर शेवटच्या तीन महिन्यांत नवऱ्याची धावपळ ही बऱ्याचदा त्याची भीतीच असते, पायात चपला घातलेली. बायकोला ती दिसते. तिला आडसर नको असतं असं नाही. पण आडसर देणारा हात थरथरतोय हे तिला ठाऊक असतं आणि त्याबद्दल बोलायची घरात बंदी असते. चिडचिड त्या बंदीवर असते.

म्हणून रात्री ती उठली की जागे असाल तर जागे आहात हे कळू द्या. दिवा लावा, पाठीमागे उशी सरकवा. ती भीतीचं बोलली तर 'काही होत नाही गं' म्हणू नका, त्या वाक्याने बोलणं मिटतं. 'मलाही वाटते' एवढं चालतं. जेवण थोडं थोडं आणि रात्रीचं लवकर, म्हणजे छातीतली जळजळ कमी होते.

भीतीतली काही मात्र कामाची असते, ती दोघांनाही पाठ हवी. संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं सणकून दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा बरगडीखाली कळ आली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रक्तदाब तपासून घ्यायचा. रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा मंदावली, तरीही वाट न बघता लगेच इस्पितळ गाठायचं. गाडी नसेल तर 108. आणि दोघांपैकी कुणाचंही मन दोन आठवडे सलग उतरलेलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. हो, नवऱ्याचंसुद्धा.

त्या दोघांना मी एकच घरकाम दिलं. सिद्धी डॉक्टरांच्या सांगण्यावरून डाव्या कुशीवर झोपायची आणि उल्हासची जागा तिच्या उजवीकडे. म्हणजे रात्रभर त्याच्या वाट्याला तिची पाठ. "जागा बदला," म्हटलं. उल्हासने लगेच हरकत घेतली, न्हाणीघर त्या बाजूला नाही, तिला पलंगाला वळसा पडेल. सिद्धी म्हणाली, "पडू दे."

पुढच्या भेटीत कळलं, पहिल्या रात्री दोघं पहाटेपर्यंत बोलत होते. बाळ लाथ मारायचं तेव्हा उल्हासचा हात पोटावर ठेवून ती मोजायला लावायची. काकींची गोष्ट त्याने पुन्हा सांगितली, या वेळी पूर्ण, रडून. आईशीही बोलला. आई म्हणाली, काकी त्या दिवशी इस्पितळात नव्हत्याच.

"आणि झोप?" मी विचारलं.

"आता खरंच झोपतो," सिद्धी म्हणाली. "घोरतो. तेही माझ्या तोंडासमोर."

उल्हासने यादी उघडली आणि त्यात काहीतरी टिपून घेतलं.