कृत्रिम किडनी भारतात कधी येईल? तोपर्यंत वडिलांना डायलिसिसवर ठेवून थांबावं का? (आई किडनी द्यायला तयार आहे.)

थांबू नका.

एवढ्यावर उत्तर संपवणार होतो, पण तुमच्या प्रश्नातलं ते ‘तोपर्यंत’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हा शब्द पाच वर्षं मुक्कामाला होता.

बाबा एसटीत कंडक्टर. 2016 मध्ये रिटायर झाले आणि त्याच वर्षी दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. शुगर जुनी होती, अंगावर काढलेली. मग आठवड्यातून तीनदा तासगावहून मिरज, चार तास मशीनवर आणि परत. पासावर फुकट प्रवास म्हणून एसटीनेच जायचे, आणि येताना उभं राहायची ताकद नसली तरी ओळखीच्या कंडक्टरला ‘मला बसायला दे’ म्हणायचे नाहीत. दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यातच चहा, ताक, आमटी सगळं. जन्मभर तिकिटांचा हिशोब केलेला माणूस, पाण्याचाही तसाच ठेवायचा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने: गोळ्या 50, चहा 80, आमटी 100. मे महिन्यात हिशोब जुळायचा नाही. मग ते गप्प बसायचे आणि पुढच्या खेपेला वजनकाटा सगळं सांगायचा. तीन किलो, साडेतीन किलो. तेवढं पाणी चार तासांत ओढलं की पायात असे गोळे यायचे की आई बाहेर बाकावर बसून कानावर पदर घ्यायची.

आई तेव्हा छप्पन्नची. बीपी नाही, शुगर नाही, रक्तगट ओ. पहिल्याच महिन्यात म्हणाली, माझी घ्या.

दादा पुण्यात असतो, कॉम्प्युटरवाला. त्याने फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली: कॅलिफोर्नियात शुवो रॉय नावाच्या शास्त्रज्ञाने मुठीएवढी किडनी बनवली, दोन-तीन वर्षांत बाजारात. आणि फोनवर म्हणाला, ‘आईच्या पोटाला सुरी कशाला लावायची? मोबाइल बघ दहा वर्षांत कुठून कुठे गेला.’ सगळे माना डोलावून मोकळे. थोरला बोलला म्हणजे झालं.

बातमी खोटी नव्हती, हे आज कबूल करतो. ते काम खरंच चालू आहे आणि हुशारीचं आहे. त्या यंत्राचे दोन भाग. एकात सिलिकॉनची चाळणी, अतिसूक्ष्म छिद्रांची, रक्त हृदयाच्याच दाबाने त्यातून जाणार, पंप नाही. दुसऱ्यात जिवंत किडनी-पेशी, ज्या गाळून आलेल्यातलं पाणी आणि क्षार परत शरीराला देणार. 2021 मध्ये त्यांच्या छोट्या नमुन्याला अमेरिकेत साडेसहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. 2023 मध्ये पेशींचा भाग डुकरांच्या शरीरात सात दिवस टिकला. सात दिवस! दादाच्या हिशोबाने 2019 ला ते यंत्र बाबांच्या पोटात असायला हवं होतं. पूर्ण जोडलेलं यंत्र आजही कुठल्या माणसात बसलेलं नाही.

मोबाइलच्या आत रक्त वाहत नाही, दादा. रक्ताला परकी वस्तू लागली की ते गोठतं, सगळं घोडं तिथंच अडतं. हॉलंडमध्ये कोल्फ नावाच्या डॉक्टरने 1943 ला सॉसेजच्या आवरणाची नळी लाकडी ढोलावर गुंडाळून पहिलं डायलिसिस मशीन केलं, तेही जर्मन कब्जात असताना. त्यावर पहिला पेशंट वाचला 1945 मध्ये. आणि एकाच माणसाला पुन्हा पुन्हा मशीनवर घेता यायला 1960 उजाडलं, तेसुद्धा अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टर स्क्रिब्नरने टेफ्लॉनची नळी हातातच कायमची ठेवायची युक्ती काढली म्हणून. कमरेला बांधायची किडनीही झाली, तिथंच सिएटलला सात जणांवर चाचणी झाली, पण द्रवात बुडबुडे व्हायला लागले आणि चाचणी बंद करावी लागली. आता दादा डुकराच्या किडनीच्या बातम्या पाठवतो. बोस्टनला जानेवारी 2025 मध्ये एकाला ती बसवली, नऊ महिन्यांनी काढावी लागली.

तर आमचं काय झालं. दोन वर्षांनी दादाचा धीर सुटला, म्हणाला चला, आईच्या टेस्ट करू. आईची शुगर निघाली. डॉक्टरांनी फाइल मिटली. बाबांचं नाव मृत दात्याच्या किडनीसाठीच्या वेटिंग लिस्टला लागलं, एकदा फोनही आला, पण त्या दिवशी त्यांना न्यूमोनिया होता. 2021 च्या दिवाळीआधी गेले.

तुमच्या आई तयार आहेत असं लिहिलंय. मग या महिन्यात टेस्ट करा. रक्तगट जुळत नसेल तरी हातपाय गाळू नका, दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते, कायद्यात सोय आहे. पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसता का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि वाट बघायचीच हौस असेल तर ती डायलिसिस लागायच्या आधी करायची असते. डापाग्लिफ्लोझिन ही मूळची शुगरची गोळी किडनीची घसरण मंदावते हे 2020 च्या मोठ्या चाचणीत दिसलं, आणि आपल्याकडे आता ती स्वस्तही झालीय. तुमच्या वडिलांना त्याचा उपयोग नाही. तुम्हाला शुगर असेल तर तुमचं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते त्यावरून कळतं) आणि लघवीतलं प्रोटीन मात्र तपासून घ्या.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. आईची किडनी घेतली असती तरी बाबांच्या अंगाने ती नाकारली असती, किंवा एका किडनीवर आईला पुढे शुगरचा त्रास झाला असता, असंही होऊ शकलं असतं. दादा अगदीच चुकीचा नव्हता. घाबरला होता.

आणि रक्तगट ओ माझाही आहे. तेव्हा मी एकतीसचा, नुकतंच लग्न झालेलं. घरात कुणी माझ्याकडे बघितलं नाही, मीही विषय काढला नाही. आई देणार हे जणू ठरलेलंच होतं. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, ते असंच ठरत असावं.

तुम्ही आईबद्दल लिहिलंत. तुमचा स्वतःचा रक्तगट लिहिला नाहीत.