जंगलाचं वय, जमिनीची प्रत आणि कार्बनचा हिशोब

सप्रेम आशीर्वाद.

जंगलातला कार्बन मोजण्याचा तुझा आराखडा वाचला. मेहनत दिसते, पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य आहे त्यापाशी थांबलो: ‘तरुण जंगल जास्त कार्बन शोषतं, त्यामुळे जुनं काढून नवं लावणं फायद्याचं.’ पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे कळल्याशिवाय मोजणीला हात घालू नकोस.

वेग आणि साठा यांचे हिशोब वेगळे ठेव. दरवर्षी नवं लाकूड, पानं, मुळं किती तयार होतात ती निव्वळ उत्पादकता. जंगलात एकूण कार्बन किती धरून ठेवलाय तो साठा. समतोलाला आलेल्या जंगलात साठा म्हणजे वर्षाची आवक गुणिले कार्बन तिथे सरासरी किती वर्षं टिकतो तो काळ. हेक्टरी वर्षाला ८ टन आवक आणि २० वर्षं टिकाव असेल तर साठा १६० टन. आवक निम्मी, म्हणजे ४ टन, पण टिकाव ८० वर्षं असेल तर ३२० टन. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण हळू वाढणारं जंगल दुप्पट कार्बन कसं सांभाळू शकतं ते यातून दिसेल.

आता वय. रोपं लहान असतात तेव्हा पानंच कमी, म्हणून उत्पादन कमी. शेंडे एकमेकांना भिडून पर्णछत्र जुळत आलं की वेग शिखराला पोचतो आणि नंतर हळूहळू उतरतो. उतरतो का, याचं एकच कारण सांगता येत नाही. जुनी समजूत अशी की खोडं मोठी झाल्यावर श्वसनातच सगळं खर्ची पडतं. लाकडाच्या श्वसनाची मोजमापं झाल्यावर हे स्पष्टीकरण अपुरं ठरलं. उंच झाडाला शेंड्यापर्यंत पाणी चढवणं जड जातं, पर्णरंध्रं लवकर मिटतात. नत्रासारखी पोषकद्रव्यं लाकडात आणि न कुजलेल्या पालापाचोळ्यात अडकतात. शेंडे एकमेकांवर घासून पानं कमी होतात. शिवाय झाडं मरतात, आणि हिशोबात हीच बाब सर्वांत जास्त वेळा राहून जाते.

इथे एक विसंगती भासेल. २०१४ साली ४०३ प्रजातींच्या मोजणीतून दिसलं की बहुतेक प्रजातींत झाड जितकं मोठं तितकी त्याची वर्षाची वजनवाढ जास्त. मग जंगल मंदावतं कसं? कारण हेक्टरी झाडांची संख्या घटत जाते. एकट्या झाडाचा आलेख संपूर्ण जंगलाला लावू नकोस. तसंच जुनं जंगल ‘शून्यावर’ आलेलं असतं, हेही गृहीत धरू नकोस. २००८ सालच्या एका मोठ्या संकलनात बरीच म्हातारी जंगलंसुद्धा कार्बन जमा करताना आढळली; तो आकडा किती मोठा धरावा यावर पुढे वाद झाला, तो जरूर वाच.

आणि जुनं तोडलं की काय होतं? फांद्या, खुंट, मुळं कुजू लागतात, माती तापते, आणि कोवळी रोपं जोमात असूनही ती जागा कितीतरी वर्षं, बऱ्याच ठिकाणी दहा-वीस वर्षं, हवेत कार्बन सोडतच राहते. तुझ्या तक्त्यात हा स्तंभच नाही.

वयाइतकीच जमीन महत्त्वाची, आणि आराखडा इथेच सर्वांत कच्चा आहे. तू तीस वर्षांच्या जंगलाचे दोन मोजणीचे पट्टे तुलनेला शेजारी ठेवलेत. एकाखाली खोल, ओल धरणारी माती. दुसऱ्याखाली वीतभर माती आणि मग खडक. पहिला पट्टा छत्र जुळवून, विरळ होत, शिखर ओलांडून गेलेला असू शकतो. दुसरा अजून शिखराकडे चाललेला. कॅलेंडरचं वय सारखं, वाढीची अवस्था वेगळी. हलक्या जमिनीत शिखर उशिरा येतं आणि ठेंगणं असतं. झाड तिथे आपली कमाई मुळांकडे जास्त वळवतं, त्यामुळे फक्त खोडं मोजलीस तर कोरड्या जागेवर अन्याय होतो.

एकवयीन लागवडीत जमिनीची प्रत ओळखायला प्रभावी उंची वापर: हेक्टरी सर्वांत जाड १०० झाडांची सरासरी उंची. ०.०४ हेक्टरच्या नमुनापट्ट्यात ती ४ झाडं होतात. व्यास दाटीप्रमाणे बदलतो, ही उंची त्या मानाने कमी बदलते, म्हणून ती निवडायची. मिश्र, वेगवेगळ्या वयांच्या नैसर्गिक जंगलात ही युक्ती चालत नाही. तिथे मातीची खोली, पोत, दगडांचं प्रमाण, उताराची दिशा आणि कोरड्या महिन्यांची संख्या सरळ नोंदव.

मोजणीत घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटरवर घे, उतारावर चढाच्या बाजूने. आधारमुळं, म्हणजे खोडाच्या तळाशी भिंतीसारखी फाकलेली मुळं, असतील तर ती संपतात तिथून वर, आणि रंगाची रेघ मार. त्या रेघेपासून चार बोटं सरकलास तर पाच वर्षांची वाढ त्यातच गडप होईल. मोजणी दर खेपेस त्याच ऋतूत कर, कारण कोरड्या दिवसांत खोड किंचित आकसतं. पट्ट्याची लांबी आडवी धरायची असते: ३० अंशांच्या उतारावर २० मीटरसाठी टेप २३.१ मीटर सोडावी लागते.

वजनासाठी उष्ण प्रदेशातल्या जंगलांना २०१४ चं समीकरण चालतं: ०.०६७३ × (घनता × व्यास² × उंची), कंसाचा घात ०.९७६. घनता लाकडाची, ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, व्यास सेंटिमीटर, उंची मीटरमध्ये. ०.६ घनता, ३० सेंमी व्यास, २० मीटर उंची असेल तर जमिनीवरचं कोरडं वजन सुमारे ५८० किलो येतं. ०.४७ ने, म्हणजे कोरड्या वजनातल्या कार्बनच्या वाट्याने, गुणलं की कार्बन २७३ किलो. त्याला ४४/१२ ने गुणलं की कार्बन डायऑक्साइड जवळपास एक टन. व्यास १० टक्के चुकला तर वजन २० टक्के चुकतं. पोकळ खोड या समीकरणाला कळत नाही, ते तूच नोंदवायचं.

मातीसाठी सेंद्रिय कर्बाची टक्केवारी × स्थूल घनता (पोकळ्यांसकट मातीच्या एका घनसेंटिमीटरचं कोरडं वजन, ग्रॅममध्ये) × सेंटिमीटरमधली खोली, म्हणजे थेट टन प्रति हेक्टर: १.५ × १.२ × ३० = ५४. दगड वजा करायला विसरलास तर मुरमाड जमीन कागदावर श्रीमंत दिसते.

पुढचा आराखडा पाठवताना तक्त्यात चार रकाने वाढव: मेलेली झाडं, नव्याने मोजणीत आलेली झाडं, पडलेलं लाकूड, आणि प्रत्येक पट्ट्याच्या मातीची खोली. वय आणि जमीन दोन्ही एकदम बदलणाऱ्या जोड्या गाळून टाक. पट्टे कमी उरले तरी चालेल.