करार कधी संपतो, ते आधी पाहा

टूर दि फ्रान्स ही सायकल शर्यत संपली की वाचकांचे प्रश्न शर्यतीवरून करारांकडे वळतात. या वेळच्या पत्रांतून निवडलेले पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

ट्रान्सफरच्या सगळ्या बातम्या १ ऑगस्टनंतरच का येतात? बोलणी त्याच दिवशी सुरू होतात का?

नाही. बोलणी वसंतातल्या शर्यतींपासूनच सुरू असतात. जुलैत टूरच्या विश्रांतीच्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत एजंट दिसले, तर ते चहापाण्याला आलेले नसतात. १ ऑगस्ट ही जाहीर करण्याची तारीख आहे. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमानुसार पुढच्या हंगामाचा संघबदल त्याआधी अधिकृतपणे सांगता येत नाही. रेम्को एव्हनेपूल २०२६ पासून रेड बुल-बोरा-हान्सग्रोहे संघाकडून खेळणार, ही बातमी ५ ऑगस्ट २०२५ ला आली. चर्चा मात्र कित्येक महिने चालू होती.

दुसरी महत्त्वाची तारीख ३१ डिसेंबर. बहुतेक करार याच दिवशी संपतात आणि तोपर्यंत सायकलपटू जुन्या संघाचाच असतो. नव्या संघाचं पहिलं मोठं शिबिर डिसेंबरात असतं, आणि अडचण तिथेच येते. शिबिराला जायला आणि नवी सायकल चालवायला जुन्या संघाची संमती लागते. म्हणून डिसेंबरातल्या फोटोंत काहीजण प्रायोजकाचं नाव नसलेली साधी जर्सी घालून दिसतात.

ही संमती वेळेवर मिळणं प्रकृतीच्या दृष्टीनेही महत्त्वाचं असतं. संघ बदलला की फ्रेम, सॅडल, पेडल आणि कधी कधी बूटही बदलतात. पेडल आणि बुटाच्या तळाची जाडी बदलली की सॅडलपासून पेडलपर्यंतचं अंतर काही मिलिमीटरने सरकतं. क्लीटचा, म्हणजे बुटाच्या तळाला लावलेल्या आणि पेडलला अडकणाऱ्या पट्टीचा, कोन जरासा चुकला, तरी आठवड्याला पंचवीस तास सायकल चालवणाऱ्याचा गुडघा दुखू लागतो. नोव्हेंबरात सायकल हाती आली, तर कमी अंतराच्या सरावात ही मापं हळूहळू बसवता येतात. तीच जानेवारीत मिळाली, तर जुळवाजुळव शर्यतीतच करावी लागते. जाणता एजंट म्हणूनच पगाराइतकाच सायकल कधी मिळणार, याचाही आग्रह धरतो.

करार बाकी असताना सायकलपटू दुसऱ्या संघात कसा जातो? फुटबॉलसारखी ट्रान्सफरची रक्कम असते का?

फुटबॉलसारखी व्यवस्था इथे रुजलेली नाही. तिथे क्लबची स्वतःची मिळकत असते: मैदान, तिकिटं, प्रक्षेपणाचा वाटा. सायकलिंगचा संघ जवळजवळ पूर्णपणे प्रायोजकाच्या पैशावर चालतो आणि टूरच्या प्रक्षेपण हक्कांतून त्याला वाटा मिळत नाही. खेळाडू विकत घेण्यासाठी बाजूला काढलेला निधी सहसा नसतो, म्हणून करार संपण्याची वाट पाहणं हीच वर्षानुवर्षांची रीत.

तरीही मधूनच करार मोडले जातात, आणि अलीकडे जास्तच. रीतसर मार्ग एकच: सायकलपटू, जुना संघ आणि नवा संघ या तिघांची लेखी संमती आणि यूसीआयची मान्यता. जुन्या संघाला भरपाई मिळते. आकडा बहुधा गुप्तच राहतो.

प्रिमोझ रोग्लिचचं उदाहरण घ्या. जुंबो-विस्माबरोबरचा त्याचा करार २०२५ अखेरपर्यंत होता. २०२३ मध्ये या एकाच संघाने तिन्ही ग्रँड टूर, म्हणजे तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यती, जिंकल्या: इटलीतली जिरो रोग्लिचने, टूर योनास विंगेगोरने, स्पेनमधली व्हुएल्टा सेप कुसने. एका संघात तीन विजेते असले की टूरमध्ये नेतृत्व कोणाला, हा प्रश्न येणारच. त्याच ऑक्टोबरात रोग्लिच बोराकडे गेल्याचं जाहीर झालं. पैशाइतकंच, कदाचित त्याहून जास्त, हे टूरमधल्या जागेचं प्रकरण होतं. टॉम पिडकॉकचा इनिऑसशी करार २०२७ पर्यंतचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये दोघांनी तो संमतीने संपवला आणि पिडकॉक क्यू३६.५ या दुसऱ्या श्रेणीच्या संघात गेला. वरच्या श्रेणीतून स्वतःहून खाली उतरणं वरवर उलटं वाटतं, पण तिथे आपल्याभोवती बांधलेला संघ मिळणार असेल, तर तो शहाणपणाचा सौदा ठरू शकतो.

रीत सोडली की काय होतं, ते सिआन उइट्डेब्रुक्सच्या बाबतीत दिसलं. डिसेंबर २०२३ मध्ये विस्माने (वर आलेल्या जुंबो-विस्मा संघाने) त्याला घेतल्याचं जाहीर केलं. त्याच्या बाजूने सांगितलं गेलं की बोराबरोबरचा करार संपुष्टात आणला आहे. बोराचं म्हणणं, करार २०२४ अखेरपर्यंत लागू आहे. शेवटी संघांत तडजोड झाली, पण एकविशीही न गाठलेल्या मुलाचं नाव हिवाळाभर वकिलांच्या भाषेत घेतलं गेलं. एकतर्फी करार मोडायचा तर पगार थकणं यासारखं ठोस कारण आणि त्याची लेखी नोटीस हातात लागते. ‘इथे मन रमत नाही’ हे कारण कुठल्याही लवादापुढे टिकत नाही.

पहिला व्यावसायिक करार किती वर्षांचा घ्यावा? पगार किमान किती असतो?

पंचविशीच्या आत व्यावसायिक झालेल्या नवख्याला पहिला करार किमान दोन वर्षांचा द्यावाच लागतो. नियम शहाणा आहे. पहिलं वर्ष शर्यतीचा वेग आणि दोनशे किलोमीटरनंतरचा थकवा अंगी मुरण्यातच जातं. तेवढ्यावर कोणाला घरी पाठवणं अन्याय ठरेल.

पगाराच्या किमान मर्यादा संघांची संघटना आणि सायकलपटूंची संघटना यांच्या संयुक्त करारात ठरतात. २०२१ मध्ये वर्ल्ड टूर, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीच्या, संघातल्या पुरुषांसाठी वार्षिक किमान ४०,०४५ युरो होते, नवख्यांसाठी ३२,१०२. पुढे हे आकडे वाढले, पण त्यातली एक मेख कायम आहे. हे आकडे नोकरीवर असलेल्यांसाठी आहेत. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करार केला, तर २०२१ मध्ये किमान ६५,६७३ युरो होते, म्हणजे सुमारे १.६४ पट. हा जास्तीचा पैसा कमाई नव्हे. सामाजिक सुरक्षा, निवृत्तिवेतन, विमा हे सगळं त्यातून स्वतः भरायचं असतं. दोन संघांचे प्रस्ताव शेजारी ठेवताना एक नोकरीचा आणि दुसरा स्वतंत्र असेल, तर आधी दोन्हींतून हातात काय उरतं ते काढा. नाहीतर मोठा आकडा बघून माणूस फसतो.

महिलांच्या वर्ल्ड टूर संघांत किमान वेतनाची अटच २०२० मध्ये आली. त्या वर्षी १५,००० युरो, २०२१ मध्ये २०,०००, २०२२ मध्ये २७,५०० आणि २०२३ मध्ये ३२,१०२. म्हणजे पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या संघांशी बरोबरी. चार वर्षांत दुपटीहून जास्त वाढ झाली. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुदतीबद्दल: तिसरं-चौथं वर्ष मागण्याआधी शर्यतींचं वेळापत्रक मागा. वर्षाला किती दिवस शर्यत, कोणासाठी काम करायचं, प्रशिक्षक संघाचा की आपला, आणि दुखापत झाली तर पगार किती काळ पूर्ण मिळणार. लांब करार दुखापतीच्या वर्षात आधार देतो. पण तो लहान वयात कमी पगारावर केला आणि वर्षभरात मोठा विजय मिळाला, तर पगार तिथेच अडकतो. दोन वर्षं, आणि ठरावीक निकालांवर पगारवाढीचं कलम, हा मध्यम मार्ग बहुतेकांना बरा. तादेय पोगाचारने ऑक्टोबर २०२४ मध्ये यूएई संघाशी २०३० पर्यंत करार केला, पण तेव्हा तो आपल्या अटी घालू शकत होता. नवख्याकडे ते बळ नसतं.

आणि ३० सप्टेंबर लक्षात ठेवा. करार त्या वर्षी संपत असेल, तर पुढे ठेवायचा आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी एकमेकांना तोपर्यंत लेखी कळवायचं असतं. संघ गप्प असेल, तर सायकलपटूने वाट पाहत बसू नये, स्वतःहून विचारावं. ऑक्टोबरात बहुतेक संघांच्या जागा भरलेल्या असतात.

प्रायोजक निघून गेला आणि संघ बंद पडला, तर सही केलेल्या करारांचं काय?

वर्ल्ड टूर आणि दुसऱ्या श्रेणीच्या संघांना बँक हमी ठेवावी लागते. पगार थकला की सायकलपटूला त्या हमीतून मागणी करता येते. ही हमी काही महिन्यांचा आधार देते, पुढची नोकरी नाही.

बी अँड बी हॉटेल्स या फ्रेंच संघाची गोष्ट डोळ्यांपुढे आहे. नवे प्रायोजक जमले नाहीत आणि डिसेंबर २०२२ मध्ये संघ बंद झाला. एव्हाना इतर संघांच्या यादीत जागा उरल्या नव्हत्या, कारण वर्ल्ड टूर संघात जास्तीत जास्त तीसच्या आसपास सायकलपटू नोंदवता येतात. या संघात मार्क कॅव्हेन्डिश हा स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांतल्या वेगावर जिंकणारा सायकलपटू, येणार अशी चर्चा होती. त्यालाही जानेवारी २०२३ पर्यंत थांबावं लागलं, मग अस्ताना संघाने त्याला घेतलं. २०२४ साठी अस्तानाने लीड-आउटचा, म्हणजे स्प्रिंटरला अंतिम रेषेजवळ पुढे घेऊन जाण्याच्या कामाचा, सर्वोत्तम माणूस मिखाएल मोरकोव्हही आणला, आणि ३ जुलैला सेंट-व्हुल्बास इथे कॅव्हेन्डिशने टूरमधला आपला ३५वा टप्पा जिंकून सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा विक्रम केला. स्प्रिंटरची बातमी वाचताना त्याच्याबरोबर कोण आलं, हे म्हणून नक्की पाहा. लीड-आउटवाला सोडून एकटा आलेला स्प्रिंटर पहिल्या हंगामात बहुतेक वेळा चाचपडतो.

संघ गुण पाहून सायकलपटू घेतात, असं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. वर्ल्ड टूरचं स्थान तीन वर्षांच्या एकत्रित गुणांवर टिकतं. २०२० ते २०२२ या पहिल्या चक्राच्या शेवटी लोट्टो-सूदाल आणि इस्रायल-प्रीमियर टेक खाली गेले. तेव्हाचा हिशोब विचित्र होता: छोट्या १.१ दर्जाच्या एकदिवसीय शर्यतीच्या विजयाला १२५ गुण, टूरमधल्या टप्प्याला १२०. साहजिकच धोक्यातले संघ चांगले लोक छोट्या शर्यतींना पाठवू लागले. २०२३ पासून टूरचा टप्पा २१० गुणांचा झाला, आणि संघाची बेरीज पहिल्या दहाऐवजी वीस सायकलपटूंची धरली जाऊ लागली. त्यामुळे वर्षभर सहावा-आठवा येणाऱ्या, मथळ्यात कधी न येणाऱ्या माणसाला भाव आला.

मात्र एक गैरसमज वारंवार दिसतो. सायकलपटू आपले जुने गुण घेऊन येत नाही. मिळवलेले गुण त्या वेळच्या संघाच्या खात्यातच राहतात; नव्या संघाला मिळतात ते फक्त पुढचे. चक्राच्या शेवटच्या वर्षी पस्तिशीचा, कालच्या गुणांवर महाग झालेला माणूस घेणं म्हणूनच धोक्याचं. अशा वेळी चोविशीचा, वर्षभर न आजारी पडता सत्तर दिवस शर्यत करणारा सायकलपटू जास्त उपयोगी पडतो.