विष की औषध? कीटकनाशक कंपनीतली नोकरी आणि सम्यक आजीविका

प्रश्न : जयभीम. आम्ही नागपूरला इंदोऱ्यात राहतो. मुलगा बी.एस्सी. कृषी झाला आहे. कीटकनाशकांच्या एका कंपनीत फील्ड ऑफिसरची नोकरी मिळतेय. पगार 26 हजार, वर इन्सेंटिव्ह, भाग वर्धा-यवतमाळ. शेवटची मुलाखत सोमवारी आहे. सासरे 1956 साली वडिलांचं बोट धरून दीक्षाभूमीवर गेले होते. ते म्हणतात, ‘विषाचा व्यापार तथागतांनी मना केला आहे.’ मुलगा म्हणतो, ‘विष कुठे, पिकाचं औषध आहे.’ शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू होतील. काय करावं? – एक आई

उत्तर : ताई, जयभीम.

आजोबांच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात वणिज्जा सुत्त म्हणून अगदी छोटं सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार त्यात सांगितले आहेत : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शेवटच्याला पालीत विसवणिज्जा म्हणतात. विष कशाला म्हणायचं हे मात्र सुत्तात नाही. विष तयार करवून विकणं, एवढंच अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरची जुनी टीका, सांगते.

आता मुलाचा ‘औषध’ हा शब्द. त्याला कोणत्याही कृषी केंद्रातली एक बाटली हातात घ्यायला सांगा. लेबलवर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. खालच्या अर्ध्या भागात रंग : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. लाल आणि पिवळ्याच्या वरच्या अर्ध्यात ‘विष’ असंच छापावं लागतं, लालवर कवटीही असते. कायदाच ज्याला विष म्हणतो त्याला आपण औषध म्हणून चालणार नाही. माझ्या मते या गोड नावानेच निम्मी बेफिकिरी येते. औषध म्हटलं की माणूस उघड्या हाताने ढवळतो आणि तसाच भाकरीला बसतो.

तरी एवढ्यावरून नोकरी नाकारा असं मी म्हणणार नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सम्यक आजीविकेची कसोटी साध्या शब्दांत दिली आहे : दुसऱ्याला इजा किंवा अन्याय न करता मिळवलेली उपजीविका चांगली. ही कसोटी रोजच्या कामाला लावावी लागते, कंपनीच्या पाटीला लावून भागत नाही. किडींचा जीव जातो हे खरं आहे आणि जीवहत्या न करण्याचं पहिलं शील त्यासाठी वाकवून मी तुम्हाला देणार नाही. तो भार शेती करणारा प्रत्येक उपासक वाहतो. तो कमीत कमी कसा राहील, एवढं मुलाच्या हातात आहे.

माणसाला होणारी इजा मात्र टाळता येते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, दमट हवा, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर दुपट्टा. उंच पिकात फवारा अंगावरच येतो आणि घामाने भिजलेल्या कातडीतून विष आत जातं. आणि अमुक यात तमुक मिसळून मारा, हा सल्ला शेतकऱ्याला बहुधा दुकानाच्या काउंटरवरच मिळतो.

फील्ड ऑफिसरचं काम इथेच येतं. कंपनी आधी दुकानदाराकडे माल भरते आणि मग तो शेतकऱ्याकडे खपवायचा ताण या पोरांवर टाकते. ऑगस्टमध्ये टार्गेट अर्धवट असलं की गुलाबी बोंडअळी दिसायच्या आधीच तिची भीती विकली जाते. मज्झिम निकायातलं महाचत्तारीसक सुत्त मुलाने यासाठीच वाचावं. मिथ्या, म्हणजे चुकीची, आजीविका म्हणून त्यात फसवणूक, गोड बोलून गळी उतरवणं, आडून सुचवणं, दुसऱ्याला कमी लेखून काम काढणं आणि लाभातून आणखी लाभ ओढणं हे मोजलं आहे. ते भिक्खूंना उद्देशून आहे, पण विक्रीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कोणालाही ते ओळखीचं वाटेल.

म्हणून सोमवारी त्याने आधी एकच गोष्ट विचारावी : ‘या आठवड्यात फवारणीची गरज नाही’ असं मला शेतकऱ्याला सांगता येईल का? बोंडअळीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावतात. सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून 2 मध्ये अळी किंवा तिचं नुकसान दिसलं, तर फवारणी. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क, ट्रायकोकार्ड (किडीची अंडी नष्ट करणाऱ्या मित्रकीटकांचं कार्ड). हे त्याला कॉलेजात शिकवलंच आहे. नोकरी हे बोलू देणार नसेल तर शिक्षण आणि शील दोन्ही घरी ठेवून कामावर जावं लागेल.

पुढचं ऑफर लेटरवरून कळेल. इन्सेंटिव्ह फक्त लिटर-किलोवर आहे का? लेबलवर लाल रंग असलेली किती उत्पादनं विकायची? न खपलेला माल कंपनी परत घेते का? परत घेत नसेल तर तो शेवटी उधारीवर कास्तकाराच्या माथी जातो. हातमोजे, मास्क, फवारणीचं प्रशिक्षण यांचा खर्च कोण करतं? इन्सेंटिव्ह पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आणि सगळा मालाच्या मापावर असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : घेऊ नका. जैविक कीडनियंत्रण किंवा शेतकरी प्रशिक्षणाचा विभाग असेल तर तिथे जागा मागा, पगार तीन-चार हजारांनी कमी असला तरी.

कर्ज खरं आहे, म्हणून दुसरी वाट आत्ताच धरा. बँकांमधल्या कृषी क्षेत्र अधिकारी पदासाठी आयबीपीएसची परीक्षा असते. चार वर्षांची कृषी पदवी लागते, वय 20 ते 30, अनुसूचित जातींना 5 वर्षांची सवलत. बार्टीच्या (डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या) मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. शेतकरी उत्पादक कंपन्या, माती परीक्षण आणि अवशेष तपासणीच्या प्रयोगशाळाही बघा. हप्ता कधीपासून आणि किती, हे बँकेकडून लेखी घ्या. ‘लगेच नोकरी हवी’ म्हणजे नेमकं किती महिन्यांत, हे तेव्हा कळेल.

नोकरी घ्यायचीच ठरली तर एका खरिपापुरती घ्यावी आणि सोडायची तारीख आजच लिहून ठेवावी. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडचणीसाठी राखीव. कामधंद्याचे दोन भाग तुमच्या घरी कर्जफेड आणि परीक्षेच्या तयारीला जातील. चौथा पहिल्या पगारापासून बाजूला पडला, तर ठरल्या तारखेला राजीनामा देताना हात अडणार नाही.

आणि सोमवारच्या आधी आजोबांना आणि मुलाला ती बाटली मध्ये ठेवून एकत्र बसवा. बारीक अक्षरातली माहितीपत्रिका मुलाने मोठ्याने वाचावी, विषबाधेची लक्षणं आणि विषावरच्या उताऱ्यासकट.