निर्जन बेटावरच्या ज्वालामुखीवर लक्ष कसं ठेवतात, आणि कशाला?

"तिथे कोणी राहतच नाही, मग लक्ष कशाला?" हे तुमच्या प्रश्नातलं वाक्य वाचलं आणि आमचा जुना कॅप्टन आठवला.

2005 चा डिसेंबर. रंगूनहून पोर्ट ब्लेअरला चाललो होतो. मी सेकंड ऑफिसर, वॉच बारा ते चारची. डावीकडे क्षितिजावर तांबूस उजेड. मंदावायचा, परत फुलायचा. बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा) घेऊन चार्टवर रेघ ओढली, तर नेमकी बॅरन बेटावर, म्हणजे अंदमानातल्या निर्जन ज्वालामुखीवर. वेळ, बेअरिंग, सगळं लॉगबुकात लिहिलं. सकाळी कॅप्टन म्हणाला, "ट्रॉलरच्या बत्त्या असतील. और वहाँ रहता कौन है?" नोंद खोडायला लावली. ट्रॉलरच्या बत्त्या कशा दिसतात हे रत्नागिरीच्या माणसाला शिकवत होता!

इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ या ज्वालामुखी बेटावर तरी कोण राहत होतं? 22 डिसेंबर 2018 ला त्याची एक बाजू समुद्रात कोसळली, त्सुनामी आली आणि जावा-सुमात्राच्या किनाऱ्यांवर चारशेच्या वर माणसं गेली. त्सुनामीची इशारा यंत्रणा भूकंपाची वाट बघणारी, त्यामुळे ती गप्पच राहिली. विमानांचं तर वेगळंच. 1982 मध्ये इंडोनेशियातल्याच गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत एका जंबो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती.

आता 'कसं'. मुख्यतः उपग्रहांवरून. काही उपग्रह उष्णतेचे ठिपके टिपतात, जपानचा हिमावारी दर दहा मिनिटांनी फोटो काढतो. बॅरनच्या राखेचा इशारा विमानांना ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून जातो. अलास्कातलं बोगोस्लोफ हे ज्वालामुखी बेट 2016-17 मध्ये फुटत होतं तेव्हा बेटावर एकही यंत्र नव्हतं. शेजारच्या बेटांवरचे सिस्मोमीटर (जमिनीची थरथर मोजणारी यंत्रं), कानाला न ऐकू येणारा आवाज पकडणारे मायक्रोफोन आणि राखेच्या ढगातल्या विजा, एवढ्यावर भागवलं.

पण माणसाचे डोळे लागतातच. जानेवारी 2017 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होती, त्यांच्यासमोर तो राख ओकायला लागला. रात्री लाव्ह्याची कारंजी. बातमी वाचून मी बायकोला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली.

उपग्रह नसते तर कितीतरी उद्रेक कळलेही नसते, हे कबूल. पण पावसाळ्यात ढगांखालचं त्यांनाही बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून जहाजावर असाल तर दिसेल ते लिहा, शाईनं, वेळेसकट. आणि कोणी खोडायला लावलंच तर नियमाप्रमाणे एकच रेघ मारून सही करा. खालचं वाचता येतं. माझंही येत होतं.